प्रिंटर शेजारच्या खोलीत, कागद मात्र निघेना



"प्रिंटर तं चालू हाय जी, पण कागद निघूनच नाई राह्यला." असा फोन आमच्या संगणक कक्षात महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. बहुतेक वेळा प्रिंटर अगदी धडधाकट असतो. बिघडलेले असते ते एका यंत्राचे दुसऱ्याशी बोलणे. पूर्वी घरात एकच संगणक असायचा आणि प्रिंटर त्यालाच जोडलेला असायचा, त्यामुळे हा प्रश्न उद्भवतच नसे. आता वडिलांच्या हिशेबाचा जुना डेस्कटॉप असतो. बारावीला चांगले गुण मिळवल्याबद्दल मध्यप्रदेश शासनाकडून मिळालेल्या २५ हजार रुपयांतून ताईने लॅपटॉप घेतलेला असतो. नागपूरला इंजिनीअरिंग शिकणारा दादा सुटीत आपला लिनक्सवाला लॅपटॉप घेऊन येतो आणि फोन तर माणशी एक. प्रिंटर मात्र एकच, आणि हवी असलेली फाइल नेमकी दुसऱ्याच्याच यंत्रात.

गेल्या सत्रात पांढुर्ण्यातल्याच एका पालकांकडे आम्ही जाऊन आलो. त्यांच्या परवानगीने तिथली हकीकत सांगतो, कारण नेहमी येणाऱ्या अडचणींपैकी जवळजवळ सगळ्या त्या एका घरात एकत्र नांदत होत्या. मुलीचा विज्ञान प्रकल्प दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. प्रकल्प तिच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपमध्ये, प्रिंटर वडिलांच्या विंडोज १० च्या डेस्कटॉपला जोडलेला. आठवड्यापूर्वी सगळे सुरळीत चालले होते. मधल्या काळात घरी फायबरची नवी जोडणी आली आणि तिच्यासोबत नवा राउटर आला, एवढाच काय तो फरक. आम्ही पोहोचलो तेव्हा रात्रीचे आठ वाजले होते. मुलगी रडकुंडीला आली होती आणि वडील नवा प्रिंटर घ्यायला नागपूरला जायची भाषा करत होते.

आधी जागे, मग एका काठावर

अशा वेळी जो तो दिसेल ते बटण दाबत सुटतो आणि पाचव्या बटणानंतर मूळ बिघाड कोणता व आपण केलेला कोणता हेच कळेनासे होते. आम्ही ठरलेल्या क्रमानेच प्रश्न विचारतो. यंत्र जागे आहे का? दोन्ही यंत्रे एकाच जाळ्यात आहेत का? एकाला दुसरे सापडते का? सापडले तर ते आत घेते का? छपाईचा विचार त्यानंतर. आधीच्या पायरीचे उत्तर 'हो' आल्याशिवाय पुढच्या पायरीला हात लावायचा नाही.

पहिला प्रश्न पोरकट वाटतो, पण निम्मे फोन तिथेच मिटतात. प्रिंटर यूएसबीच्या वायरने डेस्कटॉपला लावलेला असेल तर डेस्कटॉप झोपला की इतरांच्या दृष्टीने प्रिंटरही झोपला, मग त्याचा हिरवा दिवा कितीही लुकलुकत असो. या घरीही डेस्कटॉप अर्ध्या तासाने आपोआप झोपत होता. ती वेळ आम्ही वाढवून दिली.

दुसरा प्रश्न मात्र आम्हालाही थोडा वेळ चकवून गेला. लॅपटॉपवर इंटरनेट चालू, डेस्कटॉपवरही चालू, म्हणजे दोन्ही एकाच जाळ्यात असणार असे आम्ही धरून चाललो. तसे नव्हते. कमांड प्रॉम्प्ट उघडून आयपीकॉन्फिग ही आज्ञा दिली की यंत्राचा पत्ता दिसतो. लॅपटॉपचा पत्ता होता १९२.१६८.०.१२ आणि डेस्कटॉपचा १९२.१६८.१.५. घरगुती जाळ्यात साधारणपणे पहिले तीन आकडे सर्व यंत्रांचे सारखे असतात, शेवटचा तेवढा वेगळा. इथे तिसराच आकडा जुळत नव्हता.

कारण शोधायला जिना चढावा लागला. जुना राउटर माडीवर तसाच चालू होता, त्याची एक वायर नव्या राउटरला आणि दुसरी डेस्कटॉपला जोडलेली होती. म्हणजे घरात दोन जाळी झाली होती, एकामागे एक. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामध्ये जाम नदी आहे, तसे समजा. दोन्ही काठांवरून आकाश सारखेच दिसते, पण या काठावरची हाक त्या काठावरच्या घरात ऐकू जात नाही. जुन्या राउटरच्या सेटिंगमध्ये 'ॲक्सेस पॉइंट' हा पर्याय असेल तर तो निवडावा, म्हणजे तो स्वतःचे वेगळे जाळे न बनवता नव्याचाच भाग होतो. आमच्या हातातल्या राउटरला तो पर्याय नव्हता. आम्ही त्याचे पत्ते वाटण्याचे काम बंद केले, त्याला नव्या राउटरशी न जुळणारा पण त्याच मालिकेतला पत्ता दिला आणि वायर 'वॅन' लिहिलेल्या खाचेतून काढून 'लॅन'च्या खाचेत लावली. पाहुण्यांसाठीचे वेगळे वायफाय चालू असेल तरी हाच घोटाळा होतो, कारण ते मुद्दाम इतर यंत्रांपासून तोडलेले असते.

नवा राउटर आला की आणखी एक गोष्ट गुपचूप बदलते. विंडोजच्या लेखी हे नवे, अनोळखी जाळे असते आणि ते त्याला 'पब्लिक' समजते, म्हणजे रेल्वे स्टेशनवरच्या वायफायसारखे. मग ते शेअरिंगची सर्व दारे लावून घेते. आपल्या घरी सेटिंगमध्ये जाऊन ते 'प्रायव्हेट' करायचे. हे दोन्ही यंत्रांवर पाहावे लागते. स्टेशनवर किंवा हॉटेलात असताना मात्र ते पब्लिकच असू द्यावे.

दिसत नाही म्हणजे नाही असे नव्हे

तिसऱ्या पायरीवर बहुतेक जण अडतात. विंडोजमध्ये 'नेटवर्क' हे चिन्ह उघडले की घरातल्या यंत्रांची यादी दिसायला हवी. ती रिकामी असते. त्यातून लिनक्सवाले यंत्र तर हमखास गायब. ही यादी म्हणजे गावच्या चौकातला फलक आहे. फलकावर नाव नाही म्हणून घरच नाही असा निष्कर्ष आपण काढत नाही, थेट घरी जाऊन कडी वाजवतो. तसेच इथे करावे. फाइल एक्स्प्लोररच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि पुढे त्या यंत्राचा पत्ता टंकावा, उदाहरणार्थ \\१९२.१६८.०.५, आकडे अर्थात इंग्रजी. यंत्राने पासवर्ड विचारला किंवा फोल्डर दाखवले तर मार्ग मोकळा आहे, फक्त फलक रिकामा होता. दोन्हीकडे विंडोज असेल तर 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' नावाची सेवा सुरू केली की फलकही भरतो.

हा फलक रिकामा का झाला, हे समजून घेण्यासारखे आहे. विंडोजची यंत्रे फाइली आणि प्रिंटर वाटून घेताना एसएमबी नावाच्या भाषेत बोलतात. तिचा जन्म १९८० च्या दशकात आयबीएममध्ये झाला. इतर प्रणालींना ती येत नव्हती. डिसेंबर १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथील विद्यापीठात पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने, दोन यंत्रे तारेवरून एकमेकांना काय पाठवतात हे निरखत निरखत, तिचा उलगडा करायला सुरुवात केली. आपल्याकडची मुले बाजारात आणि एसटी स्टँडवर ऐकून ऐकून हिंदी शिकतात, कुणी व्याकरण शिकवत नाही, तसाच तो प्रकार. त्यातून तयार झालेली आज्ञावली पुढे 'साम्बा' नावाने प्रसिद्ध झाली. एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने असलेले शब्द त्याने शब्दांच्या यादीतून संगणकाकरवी शोधून काढले, त्यात हे नाव सापडले. आज लिनक्सचे यंत्र विंडोजशी बोलते ते साम्बामुळे, आणि साम्बा सर्वांना मोफत आहे. विद्यार्थ्यांनी हे लक्षात घ्यावे असे आम्हाला मुद्दाम वाटते, कारण हे काम कोणत्याही मोठ्या कंपनीने त्याला सांगितले नव्हते.

भाषा म्हटली की जुन्या-नव्या बोली आल्याच. एसएमबीची पहिली बोली विंडोज एक्सपी बोलते आणि तिला तेवढीच येते. २००६ पासून दुसरी आली, २०१२ पासून तिसरी. अॅपलच्या मॅकनेही २०१३ पासून नवी बोली पत्करली. जुन्या बोलीत एक मोठे भगदाड होते. मायक्रोसॉफ्टने ते बुजवणारी दुरुस्ती मार्च २०१७ मध्ये दिली, पण असंख्य लोकांनी ती बसवलीच नाही. १२ मे २०१७ ला 'वॉनाक्राय' नावाचा खंडणीखोर प्रोग्राम त्याच भगदाडातून जगभर पसरला. ब्रिटनमधील सरकारी रुग्णालयांना रुग्ण परत पाठवावे लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून विंडोज १० मधून ही बोली काढून टाकायला सुरुवात झाली, आणि २०१९ मध्ये साम्बानेही ती मुळात बंद ठेवली. चौकातला जुना फलक याच बोलीत लिहिला जात असे. बोली गेली, तसा फलकही गेला.

कुणी हुशार भाचा येतो, कंट्रोल पॅनेलमध्ये जाऊन 'एसएमबी १' पुन्हा चालू करतो आणि यादी दिसू लागते. सगळे खूश. कृपया असे करू नका. सौंसरच्या एका पालकांकडे हिशेबाच्या जुन्या आज्ञावलीसाठी अजून एक्सपीचे यंत्र आहे. एक्सपीच्या सुरक्षा-दुरुस्त्या एप्रिल २०१४ मध्येच थांबल्या. त्यांना आम्ही सांगितले की ते यंत्र जरूर वापरा, पण जाळ्याची वायर काढून टाका आणि फाइली पेनड्राइव्हने न्या. त्यांना ते मागासलेपणाचे वाटले. आमचे मत अजूनही तेच आहे.

ओटा सर्वांचा, माजघर नाही

आता परत त्या पांढुर्ण्याच्या घरी येऊ. लॅपटॉपला डेस्कटॉप सापडला आणि आम्हाला एक वेगळीच गोष्ट दिसली. पासवर्ड न विचारता पूर्ण डी ड्राइव्ह उघडला. आम्ही आमचा फोन त्यांच्या वायफायला जोडून पाहिला, तर फोनवरही तेच. शेताचा खसरा, बँकेच्या पासबुकाची पाने, घरातल्या प्रत्येकाचे आधार कार्ड आणि समग्र आयडी, मोठ्या मुलीच्या लग्नासाठी केलेला बायोडाटा, सारे काही. केवळ वाचताच नव्हे, पुसताही येत होते. दोन वर्षांपूर्वी असाच प्रिंटर अडला होता तेव्हा कुणी तरी पूर्ण ड्राइव्ह 'एव्हरीवन'ला खुला केला होता, पासवर्डची अट काढली होती आणि फायरवॉलही बंद करून ठेवला होता. प्रिंटर तेव्हा चालू झाला आणि विषय तिथेच संपला. त्या घराच्या वायफायचा पासवर्ड माडीवरच्या भाडेकरूंना, ट्यूशनला येणाऱ्या आठ-दहा मुलांना आणि शेजाऱ्यांना माहीत होता. यांतले कुणी वाईट नाही. पण एखाद्याच्या फोनमधून किंवा लॅपटॉपमधून खंडणीखोर प्रोग्राम आत आला असता, तर त्याला उघडा डी ड्राइव्ह पुरेसा होता. वडील काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "म्हणजे दोन वर्षं दार उघडंच होतं?" हो, उघडेच होते.

आम्ही फायरवॉल चालू केला, पासवर्डची अट परत लावली आणि डी ड्राइव्हचे शेअरिंग काढले. त्याऐवजी एकच नवे फोल्डर केले आणि त्याचे नाव ठेवले 'ओटा'. आल्यागेल्याने ओट्यावर बसावे, माजघरात येऊ नये. जे दुसऱ्याला द्यायचे तेवढेच ओट्यावर ठेवायचे आणि काम झाले की उचलायचे.

अट लावताच चौथी अडचण उभी राहिली. लॅपटॉपने डेस्कटॉपचे नाव आणि पासवर्ड विचारला. वडिलांनी रोज सकाळी दाबतात तो चार आकडी पिन सांगितला, तो चालेना. तीनदा दाबला तरी चालेना. पिन हा त्याच यंत्रासमोर बसणाऱ्यासाठी असतो, जाळ्यावरून येणाऱ्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो, आणि तो कोणालाच आठवत नव्हता. पासवर्डच नसलेले खाते असेल तर विंडोज जाळ्यावरून प्रवेशच देत नाही. आम्ही डेस्कटॉपवर या कामापुरते वेगळे स्थानिक खाते उघडले, त्याला पासवर्ड दिला आणि 'ओटा' व प्रिंटर त्या खात्यालाच खुला केला. पासवर्ड आईंच्या किराणा हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर लिहून ठेवला आहे. पुस्तकी सल्ला याच्या उलट आहे हे आम्हाला ठाऊक आहे, पण विसरलेल्या पासवर्डमुळेच दोन वर्षांपूर्वी दार काढून टाकले गेले होते.

दादाच्या लिनक्सवर फोल्डर शेअर करायचे असेल तर एक वेगळी गंमत आहे. लिनक्समध्ये शिरण्याचा पासवर्ड आणि साम्बाचा पासवर्ड या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. पहिला बरोबर दिला तरी साम्बा 'नाही' म्हणतो, कारण त्याच्या वहीत तुमचे नाव अजून चढलेलेच नसते. ते चढवण्याची एका ओळीची आज्ञा संगणक कक्षाच्या फलकावर लावली आहे. आणखी एक: लिनक्सवर फाइलीच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा विसर्गासारखा कोलन चालतो, विंडोजला चालत नाही, आणि मग विंडोजमध्ये त्या फाइलीचे नाव ओळखू न येण्यासारखे दिसते. नावे साधी ठेवावीत.

पाहुण्याला बिनपासवर्ड आत घेण्याची जुनी रीत नव्या विंडोजमध्ये बंद होत चालली आहे. २०२४ मधील विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत, प्रो प्रकारात, ती मुळातच बंद असते. "काल चालत होते, आज अपडेटनंतर नाही" या तक्रारीमागे पुष्कळदा हेच असते.

लाइट गेली, प्रिंटर हरवला

ज्यांचा प्रिंटर स्वतः वायफायवर आहे त्यांचे दुखणे वेगळे. लाइट जाते, येते, राउटर नव्याने सुरू होतो आणि सर्वांना पुन्हा पत्ते वाटतो. कालचा प्रिंटर १९२.१६८.१.७ वर होता, आज ९ वर गेला. संगणक मात्र सातच्या दारावर हाका मारत बसतो आणि 'ऑफलाइन' म्हणून मोकळा होतो. यावर उपाय राउटरमध्ये आहे. तिथे प्रिंटरसाठी एक पत्ता कायमचा राखून ठेवता येतो. पाच मिनिटांचे काम आहे, आणि आपल्याकडे लाइटची जी तऱ्हा आहे ती पाहता प्रत्येकाने ते करावे. असे बरेच प्रिंटर २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायवरच चालतात, हेही लक्षात असू द्यावे.

दुसऱ्या संगणकाचा प्रिंटर जोडताना ११बी ने संपणारी चूक दिसली तर घाबरू नका. २०२१ च्या जुलैमध्ये विंडोजच्या छपाई-यंत्रणेत मोठी त्रुटी उघड झाली. त्यानंतर आलेल्या दुरुस्त्यांनी शेअर केलेल्या प्रिंटरांचे नियम कडक केले आणि सप्टेंबरपासून ही चूक घरोघर दिसू लागली. रजिस्ट्रीत एक नोंद घालून ती घालवण्याचा उपाय सर्वत्र सांगितला जातो. त्याने कागद निघतो, पण दुरुस्तीने लावलेले कुलूपच निघते. आधी दोन्ही यंत्रे पूर्ण अपडेट करावीत. तरीही जमले नाही तर आपल्या यंत्रावर प्रिंटर 'लोकल' म्हणून बसवावा आणि पोर्टच्या जागी त्या प्रिंटरचा जाळ्यावरचा पत्ता लिहावा. बहुधा चालते.

त्या घरी चाचणीचा कागद सव्वानऊला निघाला. टाळ्या झाल्या. चहा आला. मग मुलीने प्रकल्पाची प्रस्तावना उघडली. ती वडिलांनी डेस्कटॉपवर टंकून 'ओट्या'वर ठेवली होती. लॅपटॉपवर तिच्या जागी दिसली इंग्रजी अक्षरे, कंस आणि टिंबे यांची खिचडी. वडील कृतिदेवमध्ये टंकतात, आपल्या भागातल्या बऱ्याच कचेऱ्यांप्रमाणे. असे जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रे बसवतात. फाइलीत खरे तर इंग्रजी अक्षरेच असतात, आणि तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती उघडी पडतात. युनिकोडमध्ये 'क' हा कुठल्याही यंत्रावर 'क'च राहतो. त्या रात्रीपुरता सोपा मार्ग घेतला. डेस्कटॉपवरच प्रस्तावनेची पीडीएफ केली, कारण पीडीएफमध्ये फॉन्ट सोबत जातो, आणि पावणेदहाला बावीस पाने हातात आली.

जुन्या फाइली युनिकोडमध्ये बदलून देणारी साधने मिळतात. बदलल्यावर एकदा डोळ्यांखालून घालाव्यात, विशेषतः 'ळ' आणि 'दुसऱ्या'तला 'ऱ्या'. ज्यांना करून हव्या असतील त्यांनी शनिवारी मधल्या सुटीनंतर पेनड्राइव्ह घेऊन संगणक कक्षात यावे. प्रिंटरची तक्रार असेल तर येताना दोन्ही यंत्रांचे पत्ते कागदावर लिहून आणावेत.